ट्रे धरायची पद्धत

“आता मला सांगा, माणूस चुकीचं काय बोलला?” असं म्हणत काउंटरकाकांनी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आवाज वाढवला.

डोळ्यांच्या त्या दवाखान्यात दुपारी गर्दी ओसरली, की मागच्या खोलीत चहा व्हायचा. कापसाची खोकी, कुणी न नेलेले चष्मे, एक डुगडुगणारं टेबल आणि भोवती तिघं. नंबर लावणारे, फोन घेणारे आणि जगातल्या यच्चयावत विषयांवर मत असणारे काउंटरकाका. नुकतीच कामाला लागलेली नर्स, जिला सगळे धाकटी म्हणत. आणि थोरल्या सिस्टर. सिस्टर इथं इतकी वर्षं होत्या, की भिंतीवरची अक्षरांची पाटी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत त्या पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणून दाखवायच्या.

मोबाइलवर प्राध्यापक बोलत होते. मोठा माणूस. पुस्तकं लिहिलेला, सभा गाजवणारा, सरकारला चार शब्द सुनावणारा. गेल्या आठवड्यातल्या त्यांच्या भाषणानं सगळीकडे नुसता धुरळा उडाला होता. सिस्टरांनी ते भाषण आज पहिल्यांदाच ऐकलं. त्यांचं लक्ष आधी प्राध्यापकांच्या चष्म्याकडे गेलं. ‘नाकावरून फार खाली उतरलाय, नंबर बदललेला दिसतोय,’ असं त्यांच्या मनात आलं.

“आमच्या पिढीतल्या नोकरी करणाऱ्या स्त्रियांना पुरुषाची नजर ओळखता यायची,” प्राध्यापक शांतपणे सांगत होते, “आणि तिला वळसा घालून पुढं जाताही यायचं. कुणाचा हात खांद्यावर पडला तर त्या बोभाटा करत नसत. तो हात कसा दूर करायचा हे त्यांना ठाऊक होतं. ती एक कला होती. आजच्या मुलींनी ती कला टाकून दिली आणि तक्रारपेटी उचलली.”

टाळ्या पडल्या. काकांनी मोबाइल बंद केला.

“कला?” धाकटी उसळलीच. “म्हणजे बसमध्ये कुणी मला चिमटा काढला, तर मी तिथं कला दाखवत बसायचं?”

“अगं बाई, तसं नाही म्हणत ते. बसमधला तो गुंड. त्याला हाण की चार! ते म्हणतात ते ऑफिसातलं. रोज उठून एकमेकांची तोंडं बघायची असतात तिथं. जरा काही झालं की लगेच समिती, लगेच चौकशी. एखाद्याची आयुष्यभराची अब्रू धुळीला मिळते.”

“आणि जिला झालं तिची?”

“घ्या! तू आता वकिलीणबाईच झालीस.” काकांनी सिस्टरांकडे हात केला. “आपल्या सिस्टरांकडे बघ. मोठ्या डॉक्टरांच्या हाताखाली उभा जन्म काढला. कधी कुरकुर? कधी चकार शब्द? मानानं राहिल्या, मानानं काम केलं. प्राध्यापक सांगतायत ते हेच. काय हो सिस्टर?”

खोटं कशाला बोला, सिस्टरांना बरं वाटलं. कुणी तोंड भरून कौतुक करावं असे दिवस त्यांच्या वाट्याला कमीच आले होते. इथं तर एवढ्या मोठ्या माणसानं व्यासपीठावरून, नाव न घेता का होईना, त्यांच्यासारखीचं कौतुक केलं होतं. त्या किंचित हसल्या आणि त्यांनी चहाचा घोट घेतला.

“पण वळसा म्हणजे नक्की काय करायचात, सिस्टर?” धाकटीनं विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, खरीच उत्सुकता होती. “मला शिकवा की.”

“काही नाही गं. आपलं कामाशी काम ठेवायचं.” सिस्टर म्हणाल्या. कप मात्र त्यांनी अर्धाच ठेवून दिला.

तेवढ्यात मॅडम दारात आल्या. मॅडम म्हणजे मोठ्या डॉक्टरांची सून, त्यांना बाबा म्हणणारी. डॉक्टर घरी बसल्यापासून दवाखाना त्याच चालवत होत्या. हुशार बाई. मनानं मोकळी आणि हाताखालच्या माणसांची कदर असणारी.

“सिस्टर, दोन गोष्टी,” त्या म्हणाल्या. “अंधाऱ्या खोलीचं दार मिटू नये म्हणून अडकवता ते स्टूल आजपासून बंद. फटीतून उजेड येतो आणि मला पेशंटच्या डोळ्याचा पडदा नीट दिसत नाही. सकाळीच दाराला आपोआप मिटायची स्प्रिंग बसवून घेतलीय. आणि दुसरं, उद्या बाबांना तपासायला आणतेय. डावा डोळा पुसट दिसतो म्हणतात.”

“स्टूल का?” सिस्टर एकदम म्हणाल्या. “असू दे की ते. आत हवा येत नाही.”

“पंखा आहे ना.”

“पंख्यानं नाही होत, मॅडम.”

मॅडमनी जरा नवलानंच त्यांच्याकडे पाहिलं. “एवढं काय त्या स्टुलाचं?” असं हसून त्या निघून गेल्या. सिस्टर कपाकडे बघत बसल्या. खरंच, एवढं काय त्या स्टुलाचं?

दुपारच्या पेशंटसाठी धाकटी ट्रे लावू लागली. थेंबांच्या बाटल्या, कापसाचे बोळे, बॅटरी. ट्रे उचलून ती निघाली, तशी सवयीनं सिस्टरांची हाक आली, “कसा धरलायस? वर घे. छातीशी. दोन्ही हातांनी. कोपरं बाहेर.”

धाकटी थांबली. “विचारू का एक? आमच्या कॉलेजात ट्रे डाव्या हातात, कमरेजवळ धरायला शिकवला. उजवा हात मोकळा हवा म्हणून. असा धरला की माझे दोन्ही हात अडकतात.”

“इथली पद्धत आहे. स्वच्छ राहतो ट्रे.”

“आणि डॉक्टर यंत्राला डोळा लावेपर्यंत तो खाली ठेवायचा नाही, ते कशासाठी?”

“अंधारात धक्का लागून सांडतं.”

“आणि आतली मुलगी बराच वेळ बाहेर आली नाही, तर दुसरीनं कापूस घेऊन आत जायचं, ते?”

सिस्टरांनी तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, कितीतरी मुलींना त्यांनी ते दिलं होतं. कापूस आत कमी पडतो, म्हणून. पण आज समोर ही पोर उभी होती. छातीशी ट्रे, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, कुणाला जवळ यायला जागाच नाही अशी. सिस्टर तिच्याकडे बघतच राहिल्या.

“सिस्टर? बरं वाटत नाहीये का?”

“जा तू. पेशंट बसलाय.”

ती पद्धत कुठल्या पुस्तकात नव्हती. सिस्टर नव्या होत्या तेव्हा ती त्यांना हसरीनं शिकवली. हसरी म्हणजे त्यांच्या आधी लागलेली नर्स, सदा दात दाखवणारी, हातानं इतकी हलकी, की लहान मुलंसुद्धा तिच्याकडून मुकाट थेंब घालून घेत. पहिल्याच दिवशी तिनं सिस्टरांना मागच्या खोलीत नेलं होतं, हातात ट्रे दिला होता आणि सगळी पद्धत सांगितली होती. स्टूल दारात. ट्रे छातीशी. उशीर झाला की कापूस. का, ते तिनं सांगितलं नाही आणि सिस्टरांनी विचारलं नाही. आठवड्याभरात आपोआप कळलं. अंधारात मोठ्या डॉक्टरांचा हात चुकायचा. कधी कमरेवर यायचा, कधी त्याच्याही वर. बरं, डोळ्यात थेंब घालताना तो हात जन्मात कधी चुकला नाही. नेमका हाताखालच्या मुलींपाशीच चुकायचा.

मग पुढं त्यांनी एकीला शिकवलं, तिनं दुसरीला. डॉक्टर थकले, घरी बसले, मॅडम आल्या. अंधारात भ्यावं असं आत कुणी उरलं नाही, तरी स्टूल तिथंच राहिलं आणि ट्रे छातीशीच राहिला. का, ते हळूहळू कुणालाच आठवेना. स्वच्छतेसाठी, असं सिस्टर इतक्यांदा म्हणाल्या होत्या, की त्यांचं त्यांनाच ते खरं वाटू लागलं होतं.

‘ती एक कला होती.’ दुपारभर प्राध्यापकांचं ते वाक्य डोक्यात भुंग्यासारखं गुणगुणत राहिलं. एका पेशंटला त्यांनी डाव्याऐवजी उजवा डोळा झाकायला सांगितला. असं त्यांच्या हातून कधी होत नसे.

घरी यजमान खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस, प्राध्यापकांचं प्रत्येक पुस्तक वाचलेला.

“तुझ्या कानावर आलं का? मोडतोड करून एकच वाक्य फिरवतायत लेकाचे,” ते चिडून म्हणाले. “पूर्ण भाषण कुणी ऐकत नाही.”

सिस्टरांनी पर्स खुंटीला अडकवली. “अहो, मी तुम्हाला मोठ्या डॉक्टरांबद्दल कधी काही बोलले होते का?”

“मोठ्या डॉक्टरांबद्दल? देवमाणूस. तुझ्या आईचे दोन्ही डोळे त्यांनीच केले. रविवारी स्वतः येऊन पट्टी सोडली होती. का गं?”

“सहज.”

यजमानांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. माणूस पुस्तकी असला तरी बायकोचा आवाज ओळखत होता. “काही झालं होतं का?”

सिस्टर उभ्याच राहिल्या. काय सांगायचं? हो म्हणावं, तर काय झालं ते सांगावं लागेल. आणि झालं काय, तर एकदोनदा, अगदी सुरुवातीला. मग ट्रे कधी खाली घेतला नाही. नाही म्हणावं, तर जीभ वळत नव्हती.

“झालं असं नाही,” त्या म्हणाल्या. “आम्ही होऊ दिलं नाही.”

यजमानांचा चेहरा सैल झाला. “मग झालं तर! प्राध्यापक तरी दुसरं काय म्हणतायत? तुम्ही निभावून नेलंत. मला अभिमान आहे तुझा.”

ते मनापासून बोलले होते, तेच तर अवघड होतं. वाईट माणूस असता तर भांडता आलं असतं. सिस्टरांना वाटलं, आपल्याला आवडायला हवं हे. दुपारी आवडलं होतं की! मग आता का नाही आवडत?

“आणि हसरी?” त्यांनी विचारलं.

“कोण हसरी?”

“माझ्या आधीची नर्स. एक दिवस मधूनच घरी गेली आणि परत आली नाही.”

“लग्न ठरलं होतं ना तिचं? तूच सांगितलं होतंस.”

“सगळे तसंच म्हणायचे.” सिस्टर ओट्याकडे वळल्या. “लग्न खूप नंतर झालं तिचं. तिला तर माझ्यापेक्षा जास्त येत होतं हो. ट्रे तिनंच शिकवला मला. ती असती तर थोरली सिस्टर तीच झाली असती.”

यजमानांना काही उमगलं नाही. ट्रेचा काय संबंध, असं विचारावंसं त्यांना वाटलं असावं, पण त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उचललं. सिस्टरांनी सकाळची घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. जी टिकली ती शहाणी, मग जी गेली ती कोण? तिचा ट्रे खाली होता का त्या दिवशी? की कुणी कापूस घेऊन आत गेलंच नाही? त्या दिवशी सिस्टर बाहेरगावी होत्या. परत आल्यावर विचारायला हवं होतं. पण तेव्हा ‘लग्न ठरलं’ हे ऐकून किती हायसं वाटलं होतं, तेच त्यांना आता आठवलं.

दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले. हातात काठी, सुनेचा आधार, पण कोट तोच आणि ऐटही तीच. बाकांवरचे जुने पेशंट उठून उभे राहिले. काका धावत पुढं झाले.

“सिस्टर!” डॉक्टर लांबूनच म्हणाले. “आहेस ना अजून? आई कशी आहे?”

“आई जाऊन बरीच वर्षं झाली, डॉक्टर.”

“असं? वाईट झालं.” डॉक्टर थांबले. “पण दिसत होतं ना गं तिला? शेवटपर्यंत?”

“हो. शेवटपर्यंत दिसत होतं.”

“मग झालं,” डॉक्टर म्हणाले, आणि सिस्टरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आईनं शेवटच्या दिवशी त्यांच्या केसांतला पांढरा केस शोधून काढला होता. ते डोळे याच माणसानं दिले होते. आता या माणसाला काय म्हणावं? मनात एकाच वेळी दोन माणसं उभी राहत होती, दोघंही खरीच, आणि दोघांचा कोट एकच.

मॅडम घाईत होत्या. “धाकटी, बाबांना अंधाऱ्या खोलीत बसव. बाहुली मोठी करायचे थेंब घाल आणि मी येईपर्यंत तिथंच थांब. मधेच उठायची सवय आहे त्यांना.”

“बरं, मॅडम.” धाकटीनं ट्रे उचलला.

सिस्टर दाराकडे बघत होत्या. स्टूल नव्हतं. नवी स्प्रिंग चकचकत होती. म्हातारा माणूस आहे, त्या स्वतःला समजावू लागल्या, हात थरथरतात, धड दिसत नाही. काय होणार आहे? आणि मी काय म्हणून अडवणार? इतकी वर्षं काही बोलले नाही, आता एका म्हाताऱ्याच्या नावानं बोंब मारू? लोक म्हणतील बाईला चळ लागला. हे सगळं मनाला पटत होतं, आणि पाय मात्र केव्हाच पुढं गेले होते.

“मी घालते थेंब,” त्या म्हणाल्या.

“अहो, तुम्ही बाहेरची गर्दी बघा ना. ती करेल.”

“मी घालते म्हटलं ना!”

बाकांवरच्या माणसांनी माना वळवल्या. काकांचा फोनवरचा हात तसाच राहिला. या आवाजात सिस्टर कधी कुणाशी बोलल्या नव्हत्या. मॅडम दोन क्षण त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “बरं. घाला.”

धाकटीच्या हातातला ट्रे घेऊन सिस्टर डॉक्टरांना आत घेऊन गेल्या. दार त्यांच्यामागं आपलं आपण मिटलं. मिट्ट काळोख झाला. कोपऱ्यातला यंत्राचा तांबडा दिवा तेवढा दिसत होता. सिस्टरांनी डॉक्टरांना खुर्चीत बसवलं, मान मागं घेतली, थेंब घातले. हात सराईतपणे चालले. मग त्या दोन पावलं मागं सरल्या.

“प्राध्यापकाचं भाषण ऐकलंस का?” डोळे मिटून डॉक्टर बोलू लागले. “अगदी बरोबर बोलला. हल्लीच्या मुली म्हणजे, हात लावीन तिथं रडू. माझ्या दवाखान्यात बघ, इतक्या मुली आल्या आणि गेल्या. एक तक्रार नाही. एकसुद्धा नाही. का? कारण माणसं चांगली होती. तुझ्यासारखी.”

आपण ट्रे परत उचलून छातीशी धरलाय, हे तेव्हा सिस्टरांच्या ध्यानात आलं. रागानं थरथर सुटावी असं काहीतरी त्यांना व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. फक्त हसरीचा चेहरा आठवेना, तिचे दात तेवढे आठवले, आणि फार एकटं वाटलं.

दार उघडलं. मॅडम आत आल्या, आणि त्यांच्या मागोमाग धाकटी. शिकवल्याप्रमाणे दुसरा ट्रे छातीशी, दोन्ही हात गुंतलेले, कोपरं बाहेर. बाहेरच्या उजेडात आधी तिची नुसती आकृती दिसली.

“कापूस आणलाय,” ती म्हणाली. तिनं सिस्टरांकडे एकदाच बघितलं. बराच वेळ झाला होता, म्हणून ती आली होती.

“अरे वा!” डॉक्टर खूश झाले. “अजून ट्रे तसाच धरतात? बघ सूनबाई, याला म्हणतात शिस्त. जगात कुठल्या दवाखान्यात बघायला मिळणार नाही. माझ्या सगळ्या मुली अश्शाच धरायच्या.” ते अंदाजानंच सिस्टरांकडे वळले. “ही पद्धत मुळात पाडली कुणी गं?”

धाकटीचे डोळे मोठे झाले होते. ती एकदा डॉक्टरांकडे बघत होती, एकदा स्वतःच्या कोपरांकडे.

“तुम्हीच, डॉक्टर,” सिस्टर म्हणाल्या. “तुमच्यामुळंच पडली.”

“बघ!” डॉक्टर सुनेला म्हणाले, “मी सांगत नव्हतो?” आणि मोठ्यानं हसले. मग हसणं मधेच थांबलं. त्यांना काही उमगलं म्हणून थांबलं, की दम लागला म्हणून, ते अंधारात कळायला मार्ग नव्हता. सिस्टरांना पुढंही ते कधी कळलं नाही.

दाराची स्प्रिंग ओढली जात होती. मॅडमनी मागं हात नेऊन दार धरलं. उजेडाची पट्टी जमिनीवर तशीच राहिली. “सिस्टर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “ते स्टूल...”

तपासणी झाली. डाव्या डोळ्याचा पडदा सुजला होता, औषध लागणार होतं. मॅडमनी ते सांगितलं, पण सासऱ्यांकडे न बघता. मग दिवा लावून त्या कागद लिहायला टेबलाशी बसल्या आणि बराच वेळ पेन नुसतं धरून राहिल्या.

डॉक्टर उठले. मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी त्यांना समोरचं काहीच नीट दिसत नव्हतं. सगळीकडे नुसता पांढरा लख्ख उजेड. काठी कुठं ठेवली ते आठवेना. त्यांनी उजवा हात पुढं केला आणि हवेत चाचपला.

“सिस्टर? हात दे गं जरा.”

तो हात सिस्टरांनी पाहिला. म्हातारा झाला होता, डागाळला होता, थरथरत होता. कितीतरी माणसांना दृष्टी देणारा हात. अशा हाताला आधार देणं हे तर त्यांचं कामच, आणि आजवर कुणा पेशंटला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं. काका दारातून बघत होते. धाकटी बघत होती.

सिस्टरांनी ट्रेवरच्या बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि रिकामा ट्रे पुढं केला.

डॉक्टरांच्या बोटांना थंडगार धातू लागला. ती क्षणभर थबकली. मग त्यांनी ट्रेची कड घट्ट धरली.

“पायरी आहे, डॉक्टर,” सिस्टर म्हणाल्या. “सावकाश.”

एक टोक त्यांच्या हातात, दुसरं डॉक्टरांच्या. बाकांच्या मधल्या वाटेनं त्या त्यांना दाराकडे घेऊन गेल्या.